वेळ वाचला, पण मेमरी कुठे गेली? मॅगझीन पेपर वाचताना



पेटची तयारी करणारे आणि नुकतंच कोर्सवर्क सुरू केलेले बरेच जण विचारतात, पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय? गाइड सांगतात, सीनिअर सांगतात, पण करून फारसं कोणी दाखवत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि त्याच्याशी थोडं भांडू. पेपर आहे 2001 सालचा, युजनिक्स परिषदेतला, जेफ बॉनविक आणि जोनाथन ॲडम्स यांचा. विषय असा की ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये अनेक प्रोसेसर एकाच वेळी मेमरी मागतात, तेव्हा होणारा खोळंबा कसा कमी करायचा. पेपराचा दुसरा अर्धा भाग व्हीमेमचा आहे, तो बाजूला ठेवतो. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पेपर उत्तम आहे, रचना इतकी पक्की की चोवीस वर्षांनी लिनक्सने जवळपास तीच पुन्हा बांधली. आणि तरीही त्यातला हिशेब अर्धाच आहे. वाचलेला वेळ जमेच्या बाजूला नीट मांडला आहे. त्यासाठी अडकून पडलेली मेमरी खर्चाच्या बाजूला दिसत नाही. असे पेपर वाचून आपण त्यांच्या मोजमापाची पद्धतही नकळत उचलतो, आणि मग आपल्या प्रबंधातही 'ओव्हरहेड कमी झाला' असं एका ओळीत लिहून मोकळे होतो. कुठला ओव्हरहेड? कमी झाला की हलवला?

थोडी पार्श्वभूमी. कर्नलला सतत छोट्या छोट्या वस्तू लागतात. फाइल उघडली, एक ऑब्जेक्ट. नवी प्रोसेस जन्मली, आणखी काही. नेटवर्कवर पॅकेट आलं, आणखी एक. बॉनविक यांनी 1994 मध्ये स्लॅब ॲलोकेटर मांडला, तो सोलारिस 2.4 मध्ये आला. कल्पना अशी की एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी वेगळी कॅश ठेवायची, मेमरीची पानं एकसारख्या तुकड्यांत कापून ठेवायची, आणि वापरून परत आलेला ऑब्जेक्ट तयार अवस्थेतच जपून ठेवायचा. पण प्रत्येक कॅशला कुलूप एकच. प्रोसेसर वाढले की सगळे त्या एका लॉकपाशी येऊन थांबणार.

पंगत डोळ्यासमोर आणा. चारच वाढपी असतील तर प्रत्येक जण मुदपाकखान्यात जाऊन पळीभर भात आणेल आणि वाढेल, काही बिघडत नाही. साठ वाढपी झाले की आचाऱ्याच्या दारात रांग लागते आणि पानं रिकामी राहतात. उपाय आपल्याकडच्या कुठल्याही आचाऱ्याला माहीत आहे: प्रत्येकाच्या हातात बादली द्या. बादली संपली की मगच आत या. पेपरातली मॅगझीन म्हणजे ही बादली. शब्द मात्र बंदुकीचा घेतला आहे. ऑब्जेक्ट म्हणजे काडतुसं, मॅगझीनमध्ये ती M इतकी मावतात, आणि भरलेली व रिकामी मॅगझीन जिथे साठवतात तो डेपो. रोजची देवघेव प्रोसेसर स्वतःच्याच मॅगझीनमधून करतो. तिथे दुसऱ्या कोणाशी स्पर्धा नसते, आणि लॉकची ओळ एका प्रोसेसरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशमध्ये उड्या मारत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि पेपरातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. मॅगझीन एकच असेल आणि ती नेमकी रिकामी असेल, तर? ऑब्जेक्ट मागितला, डेपोतून भरलेली मॅगझीन आणली. मग लगेच काही ऑब्जेक्ट परत आले, मॅगझीन भरून वाहायला लागली, पुन्हा डेपो. काठावर उभं राहून अशा फेऱ्या घालत बसण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक प्रोसेसरकडे दोन मॅगझीन ठेवली: एक चालू, एक मागची. मागची नेहमी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. चालू मॅगझीन अडली की दोघींची अदलाबदल, आणि तीही चालली नाही तरच डेपो. त्यामुळे मागण्या कितीही विचित्र क्रमाने आल्या तरी डेपोची फेरी सरासरी M व्यवहारांत एकापेक्षा जास्त वेळा होत नाही. साधा नियम, सरळ सिद्धता, कुठेही जादूचा आकडा नाही. (पूर्वज शोधायचे असतील तर मॅकेनी आणि स्लिंगवाइन यांचा 1993 चा पेपर काढा. तिथेही प्रत्येक प्रोसेसरची मोकळी यादी दोन भागांत ठेवलेली सापडेल. लिटरेचर सर्व्हे करताना नावावरून शोधलं तर हे नातं दिसत नाही, रचनेवरून शोधलं तर दिसतं.)

आता M किती ठेवायचा? इथून माझं भांडण सुरू होतं.

लेखक प्रामाणिक आहेत. M मोठा केला की डेपोच्या फेऱ्या हव्या तितक्या कमी करता येतात, पण गरजेपेक्षा मोठा ठेवला तर मेमरी वाया जाईल, हे ते स्वतःच म्हणतात. मग 'गरज' ठरवायची कशी? त्यांचं उत्तर असं: सुरुवात लहान M ने करा. डेपोचं कुलूप पहिल्या प्रयत्नात मिळालं नाही की एक खूण करा. ठरावीक काळात अशा खुणा एका मर्यादेपलीकडे गेल्या तर M वाढवा. वर एक कमाल मर्यादा ठेवा, म्हणजे प्रकरण हाताबाहेर जाणार नाही. आणि पुढे ग्वाही येते की साध्या डेस्कटॉपपासून 64 प्रोसेसरच्या सर्व्हरपर्यंत हे गणित फार छान चालतं.

परत एकदा सावकाश वाचा. बादली किती मोठी हवी हे आचाऱ्याच्या दारातली रांग पाहून ठरतं. बादल्यांमध्ये किती भात नुसता पडून आहे, याची चौकशी त्या नियमात कुठेच नाही. रांग वाढली की बादली मोठी करायचा नियम आहे. मेमरीची चणचण भासली तर बादली लहान करायचा नियम नाही. डेपोपुरता हिशेब मात्र आहे: ठरावीक काळात ज्यांना हातच लागला नाही अशी मॅगझीन टंचाईच्या वेळी रिकामी करता येतात. पण प्रोसेसरच्या हातातल्या दोन मॅगझीनचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. सकाळी काही मिनिटं झुंबड उडाली, M वाढला, आणि उरलेला दिवस यंत्र निवांत असलं तरी M तिथेच.

आणि 'फार छान चालतं' म्हणजे काय छान? मोजमापाचा भाग उघडा. एका व्यवहाराला लागणारा वेळ आहे. प्रोसेसर वाढवत नेले की थ्रूपुट कसा वाढतो याचा आलेख आहे. स्पेकवेब99 सारख्या चाचण्यांवर अख्ख्या सिस्टिमला झालेला फायदा आहे. मेमरी किती अडकली याचा आलेख शोधत बसाल.

याला कोणी म्हणेल, त्या काळी असं मोजायची पद्धतच नव्हती. हे मान्य करता येत नाही, आणि पुरावा खुद्द बॉनविक यांचाच आहे. त्यांचा 1994 चा पेपर काढून बघा. तिथे वेगाच्या तुलनेबरोबर मेमरीच्या वापराचीही तुलना आहे. इतर कर्नल ॲलोकेटरमध्ये किती मेमरी तुकड्यातुकड्यांनी वाया जाते आणि स्लॅबमध्ये किती, हे टक्क्यांत मांडलं आहे. म्हणजे प्रश्न माहीत होता, मोजायचं कसं तेही माहीत होतं. शिवाय आदल्याच वर्षी, 2000 मध्ये, हॉर्ड या ॲलोकेटरच्या पेपराने 'ब्लोअप' ही संज्ञा नेमकी बांधली होती: अनेक प्रोसेसरांवर ॲलोकेटरने घेतलेली कमाल मेमरी भागिले एका आदर्श ॲलोकेटरने घेतली असती ती कमाल मेमरी. फूटपट्टी टेबलावरच पडली होती.

चला, आपणच मोजू. हे आकडे पेपरातले नाहीत, माझे आहेत, आणि मुद्दाम ठोकळ धरले आहेत. प्रोसेसर 64, M = 15, प्रत्येकाकडे दोन मॅगझीन. एका कॅशचे 64 × 2 × 15 = 1920 ऑब्जेक्ट प्रोसेसरांच्या हातात असू शकतात. ऑब्जेक्ट 256 बाइटचा धरला तर 480 केबी. किस झाड की पत्ती! पण कर्नलमध्ये कॅश एक नसते. 200 धरा: साधारण 94 एमबी. आता प्रोसेसर 256 करा, जे आजच्या सर्व्हरला नवीन नाही: 375 एमबी. यात डेपोतला साठा धरलेलाच नाही. ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक कॅश प्रत्येक प्रोसेसरवर पूर्ण भरलेली असेल असं नाही. मग प्रत्यक्षात आकडा किती? 20 एमबी असेल तर माझा आक्षेप किरकोळ ठरतो, 300 असेल तर गंभीर. तो ठरवायला लागणारी एकच गोष्ट पेपरात नाही.

हा आक्षेप पुस्तकी वाटत असेल तर लिनक्समध्ये पुढे काय झालं ते पाहा. लिनक्सच्या स्लॅबनेही बॉनविक यांची कल्पना घेतली आणि प्रोसेसरवार रांगा ठेवल्या. पुढे नुमा यंत्रं आली, म्हणजे मेमरी वेगवेगळ्या नोडला जोडलेली, आपल्या नोडची जवळ आणि दुसऱ्याची लांब. एका नोडचा ऑब्जेक्ट दुसऱ्या नोडवर मोकळा झाला तर? तो माघारी पाठवण्याआधी साठवायला आणखी रांगा आल्या. त्यांचं नावच 'एलियन', म्हणजे परके. प्रत्येक नोडकडे दुसऱ्या प्रत्येक नोडसाठी एक रांग. म्हणजे वाढप्याने स्वतःच्या बादलीशिवाय गावातल्या प्रत्येक मांडवासाठी एकेक बादली खांद्यावर वागवायची.

2007 मध्ये एसजीआयमधल्या क्रिस्टोफ लॅमेटर यांनी स्लब हा नवा ॲलोकेटर आणला, त्याबरोबरच्या टिपणातली एक मुख्य तक्रार ही होती. हजाराच्या घरात नोड किंवा प्रोसेसर असलेल्या आमच्या यंत्रांवर नुसते पॉइंटर साठवायलाच काही जीबी जातात, त्या रांगांत अडकलेले ऑब्जेक्ट वेगळेच, असा त्यांचा सूर होता. एक दिवस यंत्राची सगळी मेमरी या रांगाच खातील, अशी भीतीही त्यांनी घातली होती.

टिपण गाजलं, आणि परिणामही केला. पण आपण इथेही सवलत द्यायची नाही. त्यात ही वाढ घातांकी असल्याचं म्हटलं आहे, आणि ते चूक आहे. हिशेब करा. 512 नोड, प्रत्येकाकडे 511 परक्या रांगा: एका कॅशमागे 2,61,632 रांगा. प्रत्येक रांगेत समजा 12 पॉइंटरची जागा, पॉइंटर 8 बाइटचा, तर 96 बाइट. झाले सुमारे 25 एमबी. अशा 100 कॅश असतील तर 2.5 जीबी. म्हणजे 'काही जीबी' ही तक्रार हिशेबात बसते. आता नोड 1024 करा: सुमारे 10 जीबी. दुप्पट केल्यावर चौपट झालं, म्हणजे वाढ वर्गाच्या पटीत आहे, घातांकी नाही. तुम्ही म्हणाल, शब्दाचा कीस कशाला पाडतोस? कारण उपाय त्यावर ठरतो. वर्गाची वाढ नेमकी एका जागेवरून येते, 'प्रत्येकाकडे प्रत्येकासाठी' या रचनेतून. ती एक रचना काढली की उरलेल्या रांगा फक्त प्रोसेसरांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात, आणि ते बहुतेकदा परवडतं. लॅमेटर यांनी रोग थोडा मोठा सांगितला आणि औषधही तसंच दिलं: सगळ्याच रांगा काढून टाकल्या.

दुसरी बाजूही बघून ठेवा. हाच हिशेब 2 नोडच्या यंत्रावर केला तर परक्या रांगा किती? कॅशमागे दोन. आपल्यापैकी बहुतेकांच्या लॅबमध्ये मोठ्यात मोठं यंत्र दोन सॉकेटचं असतं. त्यावर हा खर्च मोजूनही दिसणार नाही.

स्लबमध्ये प्रोसेसर एक अख्खा स्लॅब आपल्याकडे घेतो, आणि मोकळ्या ऑब्जेक्टची साखळी त्या मोकळ्या ऑब्जेक्टच्या पोटातच गुंफलेली असते. वेगळे पॉइंटर साठवायला नकोत. सुंदर कल्पना. पण ऑब्जेक्ट एका प्रोसेसरने घेतला आणि दुसऱ्याने मोकळा केला तर तो ज्याच्या त्याच्या स्लॅबमध्ये जाऊन परत ठेवावा लागतो, आणि तिथे महागडी अणुक्रिया लागते. डेटाबेस आणि नेटवर्कच्या कामात हे सारखं घडतं, त्यामुळे अशा काही कामांवर स्लब जुन्या स्लॅबपेक्षा मागे पडला. मग आवृत्ती 3.2 मध्ये स्लबलाही प्रत्येक प्रोसेसरमागे अर्धवट भरलेल्या स्लॅबची यादी जोडावी लागली. पुढच्या दाराने हाकललेली साठवण मागच्या दाराने आत आली. जुना स्लॅब शेवटी 2024 मध्ये, आवृत्ती 6.8 ला, कर्नलमधून काढला. सतरा वर्षं दोन्ही शेजारी नांदले, कारण एकाने वेळ वाचवला आणि दुसऱ्याने मेमरी, आणि दोघांची तुलना करणारे आपापल्या सोयीचा एकच आकडा पुढे करत राहिले. (हे माझं मत. मेलिंग लिस्टचे जुने धागे वाचून तुम्ही वेगळं ठरवू शकता.)

हा रोग ॲलोकेटरपुरताच नाही, ओझरतं एक उदाहरण देतो. लिनक्स 6.2 मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीवापराची मोजणी प्रोसेसरवार केली गेली, कारण अनेक थ्रेड असलेल्या कार्यक्रमांत थ्रेडवार साठवून ठेवलेल्या मोजणीतली चूक फार वाढत होती. मोजण्या चार, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे प्रोसेसरमागे 16 बाइट. 256 प्रोसेसरवर 4096 बाइट, बरोबर एक पान, आणि तेही प्रत्येक प्रोसेसला. एका फोल्डरमधली यादी दाखवून क्षणात मरणाऱ्या एकथ्रेडी प्रोसेसलाही. शिवाय ती जन्मताना हे सगळं शून्य करायचं आणि मरताना बेरीज करायची, सगळ्या प्रोसेसरांवर फिरून. मोठ्या कार्यक्रमांचं भलं झालं, त्याचं बिल छोट्यांकडे गेलं.

आता 2025 कडे या. लिनक्स 6.18 मध्ये व्लास्टिमिल बाबका यांचं 'शीव्ह्ज' हे काम स्लबमध्ये आलं. शीफ म्हणजे पेंढी. प्रत्येक प्रोसेसरकडे एक मुख्य पेंढी, एक राखीव पेंढी, आणि प्रत्येक नोडमागे एक 'बार्न', म्हणजे पेंढ्या ठेवायचं कोठार. काडतुसं गेली, कडबा आला; रचना ओळखीची वाटते ना? चालू आणि मागची मॅगझीन, आणि डेपो. फरक दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही आपल्या भांडणाशी जोडलेले आहेत. पहिला: दुसऱ्या नोडचा ऑब्जेक्ट पेंढीत घेतच नाहीत, तो थेट त्याच्या स्लॅबकडे जातो. म्हणजे परक्यांसाठी रांगा नाहीत, म्हणजे वर्गाची वाढ मुळातच नाही. 2007 च्या तक्रारीतला खरा भाग ऐकला गेला, अतिशयोक्ती सोडून दिली. ही मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत समाधानाची जागा वाटते.

दुसरा फरक मात्र मला खटकतो. 6.18 मध्ये पेंढी किती मोठी, हे कॅश तयार करणारा प्रोग्रॅमर एक आकडा देऊन ठरवतो. बॉनविक-ॲडम्स यांनी निदान रांग पाहून M आपोआप वाढवला होता. इथे आकडा कोडमध्येच, माणसाच्या अंदाजाने. तो लिहिणाऱ्यापुढे 16 प्रोसेसरचं यंत्र असतं की 512 चं, यावर अंदाज बदलणार.

ज्यांना सिनॉप्सिससाठी विषय हवा आहे त्यांनी इथे थांबून पाहावं. M एकाच वेळी दोन गोष्टींवर ठरवता येईल का, कुलपापाशी लागलेली रांग आणि प्रोसेसरांच्या हातात निष्क्रिय पडलेले बाइट? रांगेची मोजणी जवळजवळ फुकट होते, कारण कुलूप न मिळणं ही घटना आपोआप कळते. निष्क्रिय बाइट मोजायला मात्र प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी मॅगझीनमध्ये डोकवावं लागतं, आणि डोकावलं की जी स्पर्धा टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तीच परत येते. डेपोतून मॅगझीन नेताना आणि परत ठेवताना वेळेची खूण केली तर? एखाद्या प्रोसेसरने दहा सेकंदांत डेपोकडे फिरकूनही पाहिलं नाही, तर त्याची मॅगझीन थंड आहेत की अगदी व्यवस्थित चालली आहेत? दोन्ही शक्य आहेत, आणि डेपोपाशी उभं राहून त्यांतला फरक कळत नाही. मला तरी अजून याचं स्वस्त उत्तर सापडलेलं नाही.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी आज रूट होऊन प्रॉक फोल्डरमधली स्लॅबइन्फो ही फाइल उघडून बघा. प्रत्येक कॅशचे वापरातले ऑब्जेक्ट आणि एकूण ऑब्जेक्ट शेजारी शेजारी लिहिलेले दिसतील. फक्त एक लक्षात ठेवा: स्लबमध्ये प्रोसेसरांच्या हातात मोकळे पडलेले ऑब्जेक्ट त्या फाइलमध्ये 'वापरातले' म्हणूनच मोजले जातात.